उसनं इंजिन

मागच्या आठवड्यात ऑफिसात एक मीटिंग झाली. आमच्या प्रॉडक्टमध्ये शेड्यूलिंगसाठी आम्ही एका बाहेरच्या कंपनीचा कम्पोनंट वापरतो. ती कंपनी विकली गेली आणि नव्या मालकाचं गोडगोड पत्र आलं. "आपल्या सर्व ग्राहकांशी आम्ही बांधील आहोत" वगैरे. या धंद्यात चार-पाच वर्षं काढलेल्या कुणालाही कळतं की असं पत्र आलं की आपण आपली वळकटी बांधायला घ्यावी. तर मीटिंगमध्ये एक उत्साही प्राणी म्हणाला, "सोडा ना राव, आपणच लिहू. तीन महिन्यांचं काम आहे."

मी गप्प बसलो. कारण दोन वर्षांपूर्वी अगदी हेच वाक्य त्याच खोलीत मी म्हटलं होतं. तो किस्सा शेवटी सांगतो.

सोमवारी उत्तर द्यायचंय. आणि आज शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसलो तर डोक्यात सॉफ्टवेअर येईचना, आल्या गाड्या. हॉस्टेलवर चार वर्षं मेकॅनिकलच्या पोरांबरोबर राहिल्याचे परिणाम, दुसरं काय! त्यांच्या रात्री-बेरात्रीच्या गप्पांत एक प्रश्न नेहमी यायचा: वर्षाला जेमतेम हजार गाड्या बनवणाऱ्या चिमुकल्या स्पोर्ट्स कार कंपन्या स्वतःचं इंजिन बनवायच्या भानगडीत पडतातच कशाला? फोर्ड, टोयोटा, बीएमडब्ल्यू लाखांनी इंजिनं बनवतात. घ्या एक विकत, टाका गाडीत, विषय संपला.

हॉस्टेलवरचं ठरलेलं उत्तर होतं: "इगो रे, इगो." ते थोडंसं खरं आहे. एवढे पैसे मोजून घेतलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि आत शेजाऱ्याच्या फॅमिली कारचं इंजिन दिसलं तर गिऱ्हाईक खट्टू होणारच. पण नंतर जसजसं वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की इगोपेक्षा मोठं कारण वेगळंच आहे. ते म्हणजे भीती. इंजिन दुसऱ्याचं असेल तर आपल्या गाडीचा प्राण दुसऱ्याच्या मुठीत असतो. त्याने भाव वाढवला, इंजिन बंद केलं किंवा त्याची कंपनीच विकली गेली, तर आपण काय करणार?

या भीतीची गोष्ट सांगायची तर एका अनाथ इंजिनापासून सुरुवात करावी लागेल.

अमेरिकेत टाकलेलं, इंग्लंडमध्ये वाढलेलं

१९६१ साली जनरल मोटर्सने ब्यूक गाड्यांसाठी एक छोटं, अख्खं अॅल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन काढलं. साडेतीन लिटर, वजनाला हलकं, एकदम गुणी बाळ. पण अॅल्युमिनियमचं ओतकाम महाग पडायचं. तेवढ्यात पातळ भिंतींचे ओतीव लोखंडी ब्लॉक करायचं तंत्र सुधारलं आणि १९६३ नंतर जीएमने हे इंजिन सोडून दिलं.

मग रोव्हर कंपनीचा विल्यम मार्टिन-हर्स्ट दुसऱ्याच कामासाठी अमेरिकेत मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिनं करणाऱ्या कंपनीत गेला होता, तिथे त्याला हे इंजिन दिसलं. त्याने चौकशी केली आणि १९६५ मध्ये रोव्हरने हक्क विकत घेतले. पुढे हे 'रोव्हर व्ही-८' म्हणून रोव्हरच्या मोठ्या गाड्यांत आणि १९७० पासून रेंज रोव्हरमध्ये बसलं.

म्हणजे बघा, रोव्हरसारख्या बऱ्यापैकी मोठ्या कंपनीनेही आपलं सगळ्यात नावाजलेलं इंजिन पाटी कोरी घेऊन काढलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर मूळ मालकाने सोडून दिलेला कोड उचलला आणि चाळीस वर्षं सांभाळला.

इंग्लंडमधल्या छोट्या गाडीवाल्यांसाठी हे इंजिन म्हणजे लॉटरी होती. हलकं, ताकदवान आणि सुटे भाग सगळीकडे मिळणारे. त्यातले दोन गिऱ्हाईक महत्त्वाचे: मॉर्गन आणि टीव्हीआर.

मॉर्गन: आपल्याला नाही जमायचं, आपण घेऊ

मॉर्गनवाले १९१० च्या आसपासपासून गाड्या बनवताहेत आणि अजूनही त्यांच्या बॉडीच्या सांगाड्यात अॅश नावाचं लाकूड असतं. यांनी एक गोष्ट पहिल्यापासून पक्की ठरवलेली दिसते: इंजिन बाहेरून आणायचं. सुरुवातीच्या तीनचाकी गाड्यांना मोटरसायकलची इंजिनं, मग फोर्ड, मग ट्रायम्फ.

१९६० च्या दशकात ट्रायम्फने चार सिलिंडरचं इंजिन सोडून सहा सिलिंडरचं घेतलं. ते लांबीला इतकं होतं की मॉर्गनच्या नाकात मावेना. झाली पंचाईत! त्याच सुमारास, १९६६ मध्ये, रोव्हरने मॉर्गनला विचारलं की कंपनी विकता का. पीटर मॉर्गनने नम्रपणे नकार दिला, पण बोलण्या-बोलण्यात त्या व्ही-८ ची सोय करून घेतली. १९६८ मध्ये मॉर्गन प्लस ८ आली आणि २००४ पर्यंत बनत राहिली. छत्तीस वर्षं! पुढे बीएमडब्ल्यूची इंजिनं आली. पुरवठादार बदलला तर पुढचा शोधायचा, इतकं साधं गणित. मॉर्गन गिऱ्हाइकाला इंजिन विकतच नाही. तो विकतो तो लाकडाचा सांगाडा, लांब बॉनेट आणि जुना काळ.

लोटस: अर्धं तुझं, अर्धं माझं

लोटसचा कॉलिन चॅपमन मात्र हाडाचा इंजिनियर. १९५७ च्या त्याच्या एलीट गाडीत कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीचं इंजिन होतं. झकास, पण महाग. हजारभर एलीट विकल्या आणि त्यात लोटसचे हात पोळले. पुढच्या गाडीला स्वस्त इंजिन हवं होतं.

चॅपमनने मधला मार्ग काढला. फोर्डच्या साध्या गाडीचा ब्लॉक घ्यायचा, म्हणजे इंजिनाचं खालचं धड, जे फोर्डने आधीच तपासून, घासूनपुसून घेतलंय. आणि त्यावर डोकं स्वतःचं बसवायचं. हे दोन कॅमशाफ्टचं हेड हॅरी मंडीने डिझाइन केलं. गंमत म्हणजे मंडी तेव्हा 'ऑटोकार' या साप्ताहिकाचा टेक्निकल एडिटर होता. १९६२ मध्ये जिम क्लार्कने याच इंजिनाची छोटीशी लोटस २३ नुरबर्गरिंगच्या शर्यतीत मोठमोठ्या गाड्यांच्या पुढे काढली. एक्झॉस्टच्या धुराने गुंगी येऊन तो पुढे बाहेर पडला ते सोडा. त्याच वर्षी एलान गाडी आली आणि लोटसचं बस्तान बसलं.

यातली खुबी कळली का? इंजिनात सगळ्यात जास्त त्रास जिथे होतो त्या क्रँक, बेअरिंग, ब्लॉक या भागाची जबाबदारी फोर्डची. जिथे अक्कल लावली की ताकद वाढते, ते हेड लोटसचं.

पुढे लोटसने १५५८ सीसीच्या या मर्यादेबाहेर पडायला अख्खं स्वतःचं इंजिन केलं: दोन लिटरचं ९०७. पण ते सगळ्यात आधी लोटसमध्ये आलंच नाही. १९७२ मध्ये ते जेन्सन-हीली या दुसऱ्याच छोट्या कंपनीच्या गाडीत आलं. इंजिन अजून पुरतं पिकलं नव्हतं. सुरुवातीच्या तक्रारी जेन्सनच्या गिऱ्हाइकांनी सोसल्या. जेन्सन १९७६ मध्ये बंद पडली. त्याला तेलसंकटासकट इतरही कारणं होती, पण कच्च्या इंजिनाने मदत नक्कीच केली नाही. तोवर लोटसने चुका दुरुस्त केल्या आणि १९७४ ची नवी एलीट, १९७६ ची एस्प्री यांत तेच इंजिन बसवलं. त्याची वंशावळ १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत चालली.

टेस्टिंग दुसऱ्याच्या प्रॉडक्शनवर करायचं... ओळखीचं वाटतंय ना? :-)

लोटसला हे परवडलं त्याला आणखी एक कारण होतं. ते इंजिनाचं ज्ञान बाहेर विकत होते. टॅलबॉटच्या सनबीम लोटसला त्यांनी इंजिन पुरवलं. शेव्हरोले कॉर्व्हेट झेडआर-१ चं १९९० चं एलटी-५ इंजिन लोटसने डिझाइन केलं. (आणि ते जोडलं कुणी? मर्क्युरी मरीनने. जग गोल आहे.) म्हणजे खर्च फक्त स्वतःच्या मूठभर गाड्यांवर पडत नव्हता.

मॉडेल स्वस्त, इंजिन महाग

आता टीव्हीआर. ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी १९४७ मध्ये ट्रेव्हर विल्किन्सनने सुरू केलेली कंपनी. 'ट्रेव्हर' मधलीच तीन अक्षरं उचलून नाव ठेवलेलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पीटर व्हीलरने विकत घेतली. हा शिक्षणाने केमिकल इंजिनियर, आणि आधी टीव्हीआरचा गिऱ्हाईक! त्याने १९८३ पासून गाड्यांत रोव्हर व्ही-८ बसवायला सुरुवात केली आणि १९९० च्या दशकात ग्रिफिथ आणि किमेरा या दोन गाड्यांनी कंपनीचं नशीब उघडलं.

टीव्हीआरचा नव्या मॉडेलांचा धडाका बघितला की तोंडात बोट जातं. ग्रिफिथ, किमेरा, सर्बेरा, टस्कन, टॅमोरा, सगारिस... दहा-पंधरा वर्षांत एवढी मॉडेलं! मोठ्या कंपन्यांना हे का जमत नाही?

कारण पत्रा. पत्र्याची बॉडी करायची तर प्रेसचे अवाढव्य डाय लागतात, त्यांचा खर्च लाखभर गाड्यांवर वाटला तरच परवडतो. टीव्हीआरची बॉडी फायबरग्लासची आणि खाली नळ्या वेल्ड करून केलेली चासी. फायबरग्लासला साचा स्वस्त. एकेक बॉडी हाताने करायला वेळ लागतो, पण वर्षाला हजार-दीड हजारच करायच्यात, तर चालतंय की. शिवाय गिऱ्हाईक तेच ते, त्यांना दोन वर्षांनी काहीतरी नवं दाखवलं नाही तर ते पोर्शच्या दुकानात जातील. म्हणजे छोट्या कंपनीला नवं मॉडेल ही चैन नाही, ती गरज आहे. आणि सुदैवाने ती स्वस्तात भागते.

व्हीलरच्या नेड नावाच्या कुत्र्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. किमेराचं फोमचं मॉडेल चालू असताना त्याने पुढच्या बाजूचा एक लचका तोडला. व्हीलरला तो आकार आवडला, आणि इंडिकेटर तिथेच बसले म्हणतात. खरं-खोटं नेड जाणे, पण गोष्टीतलं मर्म खरं आहे. त्या कारखान्यात डिझाइन इतक्या सहज बदलता येत होतं.

आणि मला वाटतं, गफलत इथेच झाली. मॉडेल करणं इतकं सोपं गेलेल्या माणसाला इंजिनही तसंच वाटू लागतं. आपण नाही का, स्क्रीन दोन दिवसांत बदलतो म्हणून डेटाबेसही दोन आठवड्यांत लिहू असं समजतो!

पत्र आलं

१९९४ मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर विकत घेतली. आता जर्मन लोक हे म्हातारं व्ही-८ कशाला चालू ठेवतील? व्हीलरची भीती अगदी रास्त होती. त्याने अॅल मेलिंग या शर्यतीच्या इंजिनांच्या डिझायनरला बरोबर घेऊन स्वतःचं व्ही-८ केलं. नाव एजेपी-८: अॅल, जॉन आणि पीटर या तिघांची आद्याक्षरं. शर्यतीच्या गाडीसारखा सपाट क्रँक, वजनाला हलकं, ४.२ लिटरमध्ये साडेतीनशेच्या वर हॉर्सपॉवर. १९९६ च्या सर्बेरात ते आलं आणि लोक वेडे झाले.

पण ते सगळ्या मॉडेलांत घालण्याजोगं नव्हतं. मग त्याच्यापेक्षा साधं, एकाच ओळीत सहा सिलिंडरचं 'स्पीड सिक्स' आलं. टस्कनपासून सगारिसपर्यंत सगळा संसार त्याच्यावर उभा राहिला. आवाज असा की अजूनही ऐकून अंगावर काटा येतो.

आणि मग ती इंजिनं गॅरेजमध्ये परत यायला लागली. व्हॉल्व्ह गाइड झिजायचे. कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या छोट्या पट्ट्या झिजायच्या. विशेषतः सुरुवातीच्या इंजिनांत थोडक्या मैलांवर वरचा सगळा भाग उघडावा लागायचा. वॉरंटीचा खर्च कंपनीच्या माथी आणि बदनामी कायमची.

डिझाइन वाईट होतं असं नाही. कागदावर ते अप्रतिमच होतं. मोठी कंपनी नवं इंजिन काढते तेव्हा चित्र काढण्याचा खर्च किरकोळ असतो. खरा पैसा जातो तो डझनावारी इंजिनं टेस्ट बेंचवर महिनोन्महिने फुल थ्रॉटलला पळवून फोडण्यात, वाळवंटात आणि बर्फात गाड्या फिरवण्यात, सुट्या भागांच्या पुरवठादाराने कडकपणात जरा कसूर केली तर काय होतं ते शोधण्यात. वर्षाला दीड हजार गाड्यांच्या नफ्यात हे बसतच नाही. मग टेस्टिंग कोण करतं? गिऱ्हाईक. तोही पैसे भरून.

२००४ मध्ये व्हीलरने कंपनी निकोलाय स्मोलेन्स्की या चोवीस वर्षांच्या रशियन श्रीमंताला विकली. २००६ च्या अखेरीस ब्लॅकपूलचा कारखाना बंद झाला. नुसत्या इंजिनाने कंपनी बुडाली असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण खिशाला पडलेलं सगळ्यात मोठं भोक तेच होतं असं मला वाटतं.

आता यातला खरा चटका. ज्या रोव्हर व्ही-८ च्या मरणाच्या भीतीने हे सगळं झालं, ते मेलं कधी? बीएमडब्ल्यूने ते बंद केलंच नाही. १९९४ च्या नव्या रेंज रोव्हरमध्ये तेच होतं. पुढे लँड रोव्हर फोर्डकडे गेली तरी ते चालूच होतं. ते थांबलं २००४ मध्ये. ज्या वर्षी मॉर्गन प्लस ८ संपली आणि ज्या वर्षी व्हीलरने टीव्हीआर विकली, त्याच वर्षी. खुद्द टीव्हीआरची किमेरासुद्धा २००३ पर्यंत त्याच इंजिनावर विकली जात होती.

म्हणजे भीती खरी होती, पण तिला दहा वर्षांचा अवकाश होता. त्या दहा वर्षांत दुसरा पुरवठादार शोधता आला असता. २०१७ मध्ये नव्या मालकांनी पुन्हा टीव्हीआर ग्रिफिथ दाखवली तेव्हा तिच्यात इंजिन कुणाचं होतं? फोर्डचं व्ही-८, कॉसवर्थने सुधारलेलं.

मग आपलं काय असावं?

त्याच काळात लोटसने काय केलं बघा. १९९६ च्या एलीजमध्ये त्यांनी रोव्हरचं के-सिरीज इंजिन बसवलं. तेच, जे हेड गॅस्केटसाठी बदनाम झालं. पण त्यांनी आपली अक्कल आणि पैसा चासीत ओतला. अॅल्युमिनियमचे तुकडे वेल्ड न करता चक्क चिकटवून केलेली चासी, आणि गाडीचं वजन सव्वासातशे किलोच्या आसपास. पुढे अमेरिकेत विकायला ते इंजिन चालेना, तेव्हा २००४ मध्ये टोयोटाचं इंजिन आणलं. २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाली तेव्हा लोटस बुडाली नाही. गिऱ्हाइकानेही फार कुरकुर केली नाही, कारण एलीज वळणावर वळते ते चासीमुळे, आणि ती लोटसचीच होती.

याचा अर्थ स्वतःचं इंजिन करूच नये असा नाही. स्वीडनच्या कोनिगसेगने फोर्डच्या व्ही-८ पासून सुरुवात केली आणि २००६ च्या सीसीएक्सपर्यंत ब्लॉकसुद्धा स्वतःचा केला. पण त्यांची प्रत्येक गाडी अनेक कोटींची, आणि त्या ताकदीचं तयार इंजिन बाजारात मिळतच नव्हतं. उलट इटलीत पगानी तेवढ्याच महाग गाड्या विकतो आणि १९९९ च्या झोंडापासून मर्सिडीज-एएमजीचं व्ही-१२ वापरतो. ओळख करून दिली ती फांगिओने, जुन्या जमान्यातल्या मर्सिडीजच्या रेसिंग चॅम्पियनने. पगानीला आपण कलाकार आहोत हे माहीत आहे, आणि आपण इंजिनवाले नाही हेही.

आपल्याकडेही मुंबईच्या दिलीप छाब्रियांची डीसी अवंती २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत झळकली; विक्रीच्या गाडीत आत रेनॉचं दोन लिटरचं टर्बो इंजिन होतं. तेव्हा आम्ही पोरं नाकं मुरडायचो, "इंजिन तरी स्वतःचं करायचं!" आज म्हणवत नाही.

असो. तर दोन वर्षांपूर्वीचा किस्सा. रिपोर्टिंगचा कम्पोनंट आम्ही माझ्या हट्टाने स्वतः लिहिला. चार महिन्यांत तयार. डेमोला टाळ्या पडल्या. आणि मग पुढचं दीड वर्ष मी आणि अजून दोघं महिनाअखेरीला ऑफिसात झोपलो, कारण गिऱ्हाइकांचे खरे आकडे आले की तो कोलमडायचा. त्यातल्या एकाच्या बहिणीचं लग्न होतं. तो हळदीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन मांडवात बसला होता. त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून जास्त लागतं. आणि ज्या कंपनीचा कम्पोनंट आम्ही घाबरून टाकला, ती अजून चालू आहे. मागच्याच महिन्यात त्यांची नवी आवृत्ती आली.

सोमवारी मी त्या उत्साही प्राण्याला "नाही" म्हणणार नाहीये. तीनच प्रश्न विचारणार आहे. हे इंजिन मरायला खरंच किती वर्षं आहेत? आपलं गिऱ्हाईक आपल्याकडे या इंजिनासाठी येतं की चासीसाठी? आणि तीन महिने लिहायला लागणार असतील, तर फोडून बघायला किती महिने ठेवलेत?

तिसऱ्याचं उत्तर "ते नंतर बघू" असं आलं, तर मी त्याला ब्लॅकपूलची गोष्ट सांगेन.